अण्णांच्या फोटोतला उजवा हात

जानेवारीतला रविवार, सकाळची वेळ. ठिकाण काळेवाडीतलं आमचं दोन खोल्यांचं घर. हजर: अण्णा, म्हणजे माझे वडील, आई, धाकटा भाऊ सचिन, आणि मी. आत्या, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, थेरगावहून जेवायला येणार होती, ती जेवणं उरकल्यावर आली. विषय एकच होता, अण्णांचा फोटो.

चाकणच्या एका कंपनीत मी खरेदी विभाग सांभाळते. कोणतीही बैठक संपली की कोण होतं, काय ठरलं आणि काय राहिलं हे लिहून काढल्याशिवाय मला जागेवरून उठता येत नाही. घरीही माझं तेच चालतं. किराण्याची यादी वेगळी, गॅसवाल्याला, प्लंबरला, इस्त्रीवाल्याला काय सांगायचं त्याची वेगळी. सचिन म्हणतो, ताई, तू वर गेलीस तरी आधी हजेरी घेशील. तर त्या रविवारी कोण होतं ते लिहून झालं. काय ठरलं ते मात्र इतकी वर्षं झाली तरी मला नीट सांगता येत नाही. आज बसून प्रयत्न करते.

अण्णा पिंपरीतल्या एका कंपनीत प्रेस शॉपला होते. पत्रा दाबून त्यातून गाड्यांचे भाग काढायची मोठाली मशिनं तिथे असत. आईशी लग्न होऊन काही महिनेच झाले होते, माझा जन्म व्हायचा होता, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली; अंगठ्याशेजारचं आणि त्याच्या पलीकडचं. आमच्या गल्लीत याचं कोणाला नवल नव्हतं. नमस्कार करताना कोणाचा कोणता हात मागे राहतो, यावरून तो कोणत्या खात्यात आहे ते बायका ओळखायच्या. लहानपणी मला वाटायचं की बाप्यांची बोटं वय वाढलं की अशी कमी होतच असतील, जशा बायकांच्या बांगड्या हळूहळू कमी होतात.

अण्णा भाकरी डाव्या हातानं मोडायचे आणि घास उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळीकडची दोन बोटं यांच्या चिमटीत उचलायचे. आम्ही दोघं भावंडं त्यांच्या समोर बसून जेवायला शिकलो, म्हणून आम्हीही तसंच जेवायला लागलो. दोन धडधाकट बोटं तळहातात दुमडून घ्यायची आणि उरलेल्यांनी वरणभाकरीचा काला उचलायचा. आई बोटांवर चापट मारून ती सरळ करायची. तेव्हा अण्णांचं जेवण मंद व्हायचं. सचिन शाळेत खडूसुद्धा तसाच धरायचा. बाईंनी आईला बोलावून विचारलं होतं की पोराच्या हाताला काही झालंय का. आजही मी घाईत डबा खात असले की माझी दोन बोटं आपोआप आत जातात. कॅन्टीनमध्ये एकदा एका मुलीनं विचारलं, मॅडम, बोट दुखतंय का. मी हो म्हटलं.

रविवारी आई सुशीला करायची. चुरमुरे भिजवून पिळायचे, कांदामिरचीच्या फोडणीत परतायचे, वरून दाण्याचं कूट. लातूरकडचं आमचं खाणं. शेजारच्या मावळातल्या काकू त्याला ओले चुरमुरे म्हणून चिडवायच्या आणि वाटी मात्र भरून न्यायच्या. घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये कोणीतरी एक छोटी प्रेस टाकली होती. दिवसभर धप, धप, धप. फळीवरच्या बुद्धमूर्तीपुढची पितळी वाटी त्या ठोक्यांनी हळूहळू कडेला सरकत यायची आणि आई जाता येता ती मागे लोटायची. आवाज थांबला की समजायचं, लाइट गेली. रविवारी शेड बंद असायचं आणि घर इतकं शांत वाटायचं की अण्णा अस्वस्थ होऊन रेडिओ मोठा करायचे.

आता फोटोंविषयी. आमच्याकडे अण्णांचे फोटो होते, पण एकाही फोटोत त्यांचा उजवा हात नव्हता. कुठे खिशात, कुठे पाठीमागे, कुठे खांद्यावरच्या टॉवेलखाली. सचिन तान्हा असतानाच्या एका फोटोत तो सरळ सचिनच्या बुडाखाली आहे. हे ठरवून केलेलं असायचं असं वाटत नाही. कॅमेरा समोर आला की हात आपला आपण जायचा.

त्या रविवारच्या सुमाराला मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि दुपारनंतर रफिकभाईंच्या फोटो स्टुडिओत काम शिकत होते. स्टुडिओ काळेवाडीच्या बाजारातच, चपलांच्या दुकानावर. रफिकभाई आधी अंधारखोलीत फोटो धुणारे, मग काळ बदलला तसा त्यांनी कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला आणि चित्र दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर स्वतःचं स्वतः शिकले. माझं इंग्रजी वाचन बरं म्हणून त्यांनी मला ठेवलं. मला ते काम फार आवडायचं. चेहरा मोठा मोठा करत न्यायचा, इतका की नाक डोळे राहत नाहीत, नुसते चौकोनी ठिपके उरतात. मग एका चांगल्या ठिकाणचे ठिपके उचलून वाईट ठिकाणी बसवायचे. मुरूम जातो, देवीचे व्रण जातात, चष्म्यावरची चमक जाते. एकावर एक काच ठेवावी तसे थर असतात. वरच्या थरावर काय वाटेल ते करा, खालचा मूळ फोटो तसाच राहतो. हे मला विशेष पटलं होतं. खाली सगळं शाबूत आहे या भरवशावर माणूस वर काहीही करायला धजतो. हल्ली फोन एवढंही विचारत नाही, फोटो काढतानाच आपल्या मनानं चेहरा गुळगुळीत करून देतो.

रफिकभाईंच्या कॉम्प्युटरवर कप्पे केलेले होते. कोट. टाय. डोळे. डोळ्यांच्या कप्प्यात उघडे डोळे, कारण सगळ्या घरच्यांच्या फोटोत एकाचे तरी मिटलेले असतातच. आणि एक कप्पा हातांचा. सावळे, गोरे, मांडीवर ठेवलेले, छातीवर घडी घातलेले, नमस्काराचे. बाहेरच्या कोणत्या स्टुडिओत असा कप्पा असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे तो लागायचा. प्रेसवाले, लेथवाले, कटिंगवाले फोटो काढायला यायचे आणि न्यायला यायचे तेव्हा बोटं जागेवर असायची. कोणी सांगायचं नाही, कोणी विचारायचं नाही, त्याचं वेगळं काही घ्यायचं नाही. मिटलेले डोळे उघडायचे तशी गेलेली बोटं लावायची, एवढीच रीत. लोक फोटो बघायचे, छान आलाय म्हणायचे आणि पाकिटात घालून घेऊन जायचे.

त्या वर्षी अण्णांच्या कंपनीनं प्रेस शॉप चाकणला हलवायचं ठरवलं आणि जुन्या लोकांना स्वेच्छानिवृत्ती दिली. अण्णांच्या निरोपाला खात्यातले लोक मिळून त्यांचा मोठा फोटो फ्रेम करून देणार होते. कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर. मग तो आमच्या बाहेरच्या खोलीत लागणार होता. फोटो रफिकभाईंकडेच काढायचा ठरलं. अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, खुर्चीवर बसले. रफिकभाई छत्रीचा दिवा सारखा करत होते. मी मागे पडदा ताणत होते. आणि मी बघितलं की अण्णांनी उजवा हात मांडीवर ठेवला आहे. पालथा, उघडा, दिव्याच्या बरोबर समोर. तो आता मागे जाईल, आता खिशात जाईल, म्हणून मी वाट बघत राहिले. गेला नाही. रफिकभाईंनी हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितली, अण्णांनी घेतली, आणि फोटो निघाला. घरी जाताना मी त्यांना काही विचारलं नाही. विचारायला शब्द कुठले वापरायचे तेच कळेना.

पुढचे काही दिवस माझी परीक्षा होती, म्हणून फोटोचं काम रफिकभाईंनी स्वतः केलं. शनिवारी त्यांनी बंद पाकीट माझ्या हातात दिलं. म्हणाले, अण्णांना आवडला तर मोठा काढू, निरोप पुढच्या शनिवारी आहे ना, वेळ आहे. मी पाकीट उघडलं नाही. घरात सगळ्यांसमोर उघडायचं असं मीच ठरवलं होतं.

तर रविवार. सुशीला खाऊन झाली होती, चहा चालू होता. मी पाकीट उघडून फोटो आईच्या हातात दिला. फोटो उत्तम होता. अण्णा रुबाबदार दिसत होते, डोळ्यांखालचं काळं गेलं होतं, कॉलर सरळ झाली होती. आणि मांडीवर पाची बोटांचा हात.

मी तो हात ओळखला. ती बोटं रफिकभाईंची होती. अंधारखोलीतल्या रसायनानं त्यांच्या नखांच्या कडा कायमच्या पिवळट झाल्या होत्या. रंग त्यांनी अण्णांच्या हाताशी मिळवून घेतला होता, पण ती कड राहिली होती. आपलीच बोटं त्यांनी दिली होती, आणि तीही कप्प्यातली जुनी नाहीत, नवीन फोटो काढून, अण्णांचा हात होता त्याच कोनात. मनापासून केलेलं काम होतं. आईनं फोटो खिडकीपाशी नेला, उजेडात धरला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी बघितलं नव्हतं. मग ती परत आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, हात छान हाय, पण ही यांची बोटं न्हाईत.

अण्णांनी फोटो घेतला. त्यांनी तो बराच वेळ बघितला, मग स्वतःचा हात शेजारी धरला आणि मला विचारलं, "हा हात कोणाचा हाय?"

मी सांगितलं, रफिकभाईंचा. सचिन हसला. अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते रागावले नाहीत. ते म्हणाले की खात्यातली माणसं हा फोटो देणार, ज्यांनी त्यांचा हात टॉवेलात बांधून दवाखान्यात नेला तीच माणसं. त्यांच्यासमोर हा हात घेऊन कसं उभं राहायचं. काढून टाक, म्हणाले, जसा हाय तसा ठेव. मी मान हलवली. मला वाटलं, विषय संपला. वरचा थर बंद करायचा, खाली मूळ हात आहेच. मिनिटाचं काम.

पण आई आडवी आली. आमची आई अण्णांच्या शब्दाला सहसा आडवी यायची नाही. ती म्हणाली, काढायचं न्हाई, दुरुस्त करायचं. ह्या पोरीला येतंय की ते. मी सांगते कशी होती ती, तशी करू दे. अण्णा म्हणाले, कामून? एवढ्या वर्षांनी त्या बोटांचं काय करायलीस? तेव्हा आई जे बोलली ते मला शब्दाशब्दानं आठवतं.

"सगळ्यांनी तुमचा गेलेला हात बघितलाय. असलेला मी बघितलाय. गावाकडून पहिल्यांदा आले, तवा ह्याच हातानं मला एसटीतून खाली घेतलं तुमी. लेकरांनी बघितला न्हाई. एकदा बघू द्या की."

मग ती माझ्याकडे वळून सांगायला लागली. अंगठ्याशेजारचं बोट लांब होतं, रफिकभाईंसारखं आखूड नव्हतं. शेवटच्या पेराशी ते जरा कललेलं होतं. कुठल्या बाजूला, ते तिनं स्वतःचं बोट वाकवून दाखवलं. अण्णा म्हणाले, काही कललेलं नव्हतं, सरळ होतं. आई म्हणाली, कललेलं होतं. अण्णा म्हणाले, हात माझा हाय का तुझा? माझं बोट मला ठाऊक न्हाई का? आई म्हणाली, तुमी कशाला बघताय स्वतःच्या बोटाकडं, दुसऱ्यालाच दिसतंय ते. सचिननं मध्येच विचारलं की पलीकडचं बोट कसं होतं, तर त्याविषयी दोघांचंही एकमत निघालं, आणि त्यानं मी आणखी गोंधळले. एक बोट दोघांना सारखं आठवतं आणि त्याच्या शेजारचं वेगवेगळं आठवतं, हे कसं काय?

जेवणं झाल्यावर आत्या आली. तिला पाणी द्यायच्या आधी आईनं तिला विचारलं. वन्सं, यांचं हे बोट कसं होतं? आत्यानं पदरानं घाम पुसला, फोटो बघितला आणि म्हणाली, नख दुभंगलेलं होतं की त्याचं, लहानपणी विळा लागला होता, मीच हळद भरली. आईनं विचारलं, सरळ का वाकडं? आत्या म्हणाली, त्याचं मला काय म्हाईत बाई, नखाचं म्हाईत हाय. अण्णा म्हणाले की विळा डाव्या हाताला लागला होता, आणि डावा हात पुढे केला. डाव्या हाताच्या कोणत्याच नखाला काही नव्हतं. अण्णा स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिले. मग तो त्यांनी मागे घेतला. इतकी वर्षं उजवा हात मागे जायचा, त्या दिवशी डावाही गेला.

माझी स्थिती काय होती ते सांगायला हवं. मी हिशेबात हुशार होते. समोर प्रश्न असेल तर त्याला उत्तर असतं, माहिती गोळा केली की ते सापडतं, अशी माझी समजूत होती, अजूनही बरीचशी आहे. इथे माहिती वाढत होती आणि हात मात्र पुसट होत चालला होता. त्यात मला दुसरंच कोडं पडलं होतं. अण्णांनी स्टुडिओत हात उघडा ठेवला तो मुद्दाम का? मुद्दाम असेल तर आईचं ऐकणं म्हणजे त्यांनी आयुष्यात एकदा पुढे केलेला हात पुन्हा झाकणं. आणि मुद्दाम नसेल, रफिकभाईंनी सांगितलं म्हणून ठेवला असेल, तर आईनं मागितलेलं देण्यात काय चूक होती? तिनं कधी काही मागितलं नव्हतं. मी दोघांच्या मध्ये कपबश्या गोळा करत उभी राहिले.

सोमवारी दुपारी आई स्टुडिओत आली. स्वतःहून. ती त्याआधी तो जिना कधी चढली नव्हती. रफिकभाईंनी तिला स्टूल दिलं, माझ्या शेजारी बसवलं, आणि सगळी हकीकत ऐकून कान पकडले. म्हणाले, भाभी, माझं चुकलं, इथं सगळ्यांना लावतो म्हणून लावली. आई म्हणाली, चुकलं न्हाई भाई, चांगली बोटं हायत, पण दुसऱ्याची हायत. मग आम्ही दोघी कामाला लागलो. मी सचिनला वर बोलावून त्याच्या हाताचे फोटो काढले; आईच्या मते त्याची बोटं लांबीला जवळपास तशीच होती. मी पलीकडचं बोट बसवलं. आई म्हणाली, व्हय, हे बरोबर. सांधा मिटवला, सावली दिली, पेरांवर जरा सुरकुत्या आणल्या, कारण सचिनचं बोट फारच कोवळं दिसत होतं. मग अंगठ्याशेजारचं घेतलं. लांबी आईनं मंजूर केली. कल द्यायचा राहिला होता. ती स्वतःचं बोट कॉम्प्युटरच्या पडद्यापाशी धरून मला दाखवत होती, एवढं नको, जरा कमी, आणि तेवढ्यात अण्णा वर आले.

पहिली पाळी सुटल्यावर ते घरी डोकावून तसेच तिकडे आले होते, डब्याची पिशवी खांद्याला होती. आई घरी नव्हती, म्हणून त्यांनी ओळखलं असणार. ते आमच्या मागे उभे राहिले. पडद्यावर त्यांचा हात होता, पडदाभर मोठा केलेला, त्यात त्यांच्या पोराचं एक बोट बसलेलं आणि दुसरं अधांतरी. रफिकभाईंनी खुर्ची पुढे केली, अण्णा बसले नाहीत. त्यांचा आवाज चढला नव्हता. "हात काढूनच टाक. छातीपासून वर ठेव."

आई उठली, पदर सारखा केला आणि जिना उतरून गेली. अण्णा तिच्या मागोमाग गेले. दोघं एकत्र चालत होती की मागेपुढे, ते मला वरून दिसलं नाही. मी फाइल जशी होती तशी साठवली आणि वेगळ्या प्रतीवर फोटो छातीपासून वर कापला. तोच मोठा होऊन फ्रेममध्ये गेला.

निरोपाला घरच्यांना बोलावलं होतं. कॅन्टीनमध्ये वडे होते, गुलाबजाम होते, साहेबांचं भाषण झालं. मग खात्यातल्या लोकांनी फ्रेम वर धरली. टाळ्या पडल्या. अण्णांचे जुने सोबती शिंदेकाका पुढच्या रांगेतून ओरडले, राव, आख्खा माणूस द्यायचा होता, हात कुठं ठेवला? अण्णा म्हणाले, "तो प्रेस शॉपमधीच राहिला. चाकणला न्या त्याला." सगळं कॅन्टीन हसलं, अण्णाही हसले. आई हसली नाही. ती फ्रेमकडे बघत होती, आणि मला वाटलं, ती फ्रेमच्या खालच्या पट्टीकडे बघते आहे, जिथे फोटो संपतो तिथे.

त्या बोटांचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. सुशीला होत राहिली, शेडमधली प्रेस एक दिवस बंद पडली आणि तिथे मोबाइलचं दुकान आलं, सचिनचं लग्न झालं, रफिकभाईंनी स्टुडिओ मुलाकडे दिला. आई गेली त्याला आता बराच काळ झाला. शेवटच्या आजारात ती अण्णांचा उजवा हात धरून झोपायची. त्या हाताला धरायला जेवढं होतं तेवढं धरून.

काळेवाडीतलं घर पाडून सचिननं दोन मजली बांधलं, तेव्हा सामानात मला माझी स्टुडिओतल्या कामाची जुनी सीडी मिळाली, ती फाइलही तिच्यात होती. ऑफिसातल्या एका मुलानं तिच्यातलं सगळं काढून लॅपटॉपवर घालून दिलं. मागच्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन अण्णांकडे गेले. फ्रेमच्या मागचा पुठ्ठा कुजला होता, फोटो बदलायचा होता, आणि या वेळी विचारूनच बदलायचा असं मी ठरवलं होतं. त्यांना पलंगावर उशी लावून बसवलं. आधी वरचे थर बंद करून मूळ फोटो दाखवला. पांढरा शर्ट, मांडीवर उघडा हात, दोन बोटांच्या जागी दोन खुंट. मी विचारलं, अण्णा, त्या दिवशी तुम्ही हात मुद्दाम पुढे ठेवला होता ना? त्यांनी फोटोकडे बघितलं. ठेवला आसंल, म्हणाले. मी इतकी वर्षं जपून ठेवलेल्या प्रश्नाचं एवढंच उत्तर आलं.

मग मी दुसरा थर चालू केला. सचिनचं बोट, आणि शेजारचं अर्धवट. म्हटलं, यातला कोणता छापू? त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाले:

"तिनं सांगितलेलं कर. तिला आठवत होतं. मला तवाच आठवत नव्हतं. सरळ होतं म्हणून उगं म्हणलो. आपलीच बोटं ध्यानात न्हाईत, हे बायकोसमोर कसं सांगावं माणसानं?"

मी हो म्हटलं, लगेच कामाला लागते म्हटलं, आणि माऊस हातात घेतला. अंगठ्याशेजारच्या बोटाचं शेवटचं पेर निवडलं. आणि तिथेच थांबले. कललेलं होतं, हे मला ठाम आठवतं. स्टुलावर बसलेली आई आठवते, तिची हिरवी बांगडी, पडद्याच्या उजेडात धरलेलं तिचं बोट आठवतं. ते अंगठ्याकडे वाकलं होतं की त्याच्याविरुद्ध, ते आठवत नाही. मी सगळं लिहून ठेवणारी बाई, आणि नेमकं तेच लिहून ठेवलं नाही, त्या दिवशी दोन्ही हात कामात होते. सचिनला खालून बोलावलं. तो म्हणाला, अंगठ्याकडे. मग म्हणाला, नाही ताई, थांब. आत्याही आता नाही. मी पेर एकदा अंगठ्याकडे वळवून अण्णांना दाखवलं, एकदा पलीकडे वळवून दाखवलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, असंच आसंल बघ, तिनं सांगितलं तसं कर म्हणजे झालं.

फाइल उघडी आहे. पलीकडचं बोट पूर्ण झालं आहे, सावली, सुरकुत्या, नख, सगळं. अंगठ्याशेजारच्या बोटाचं शेवटचं पेर बसवायचं राहिलं आहे.